लेन्स निवडताना मटेरियल आणि कडेचा विचार कुणी करतं का?

प्रश्न – समुपदेशन_कक्ष
वय ५२, मधुमेह, डोळ्याची लांबी २७ मिमी, म्हणजे जाड मायनस नंबर. मोतीबिंदू काढून बसवलेली लेन्स या डोळ्यात पुढची तीस वर्षं राहायची आहे. समुपदेशनात मात्र सगळं बोलणं मोनोफोकल (एकाच अंतरावर स्पष्ट दिसणारी) की मल्टिफोकल (अनेक अंतरांची) यावरच संपतं. पंधरा वर्षांनी फरक नेमका कशामुळे पडतो? मागचा पडदा (भिंगाच्या पिशवीचा, रेटिना नव्हे) धुरकट होऊ नये म्हणून लेन्समध्ये काय पाहावं?

उत्तर – कॅप्सूल_६मिमी
आधी कड पाहा, मग मटेरियल. भिंग काढलं तरी त्याची पिशवी आत राहते आणि तिच्या परिघाला काही पेशी चिकटून उरतात. त्या वाढत वाढत मागच्या पडद्यावर सरकतात, म्हणून धूसर दिसायला लागतं. लेन्सची मागची कड चौकोनी असेल आणि पडद्याला घट्ट टेकली असेल तर पेशी तिथे अडतात. गोल कडेखालून त्या सहज आत शिरतात.

चौकोनी कड पूर्ण ३६० अंशांत आहे का, हे कंपनीच्या माहितीपत्रकात तपासा. एकसंध लेन्समध्ये हॅप्टिक (लेन्स जागेवर धरणारा पाय) जिथे जोडलेला असतो तिथे कड कधी कधी खंडित असते, आणि पेशी नेमक्या तिथूनच घुसतात. हायड्रोफोबिक अ‍ॅक्रिलिक (पाणी दूर ठेवणारं मटेरियल) पडद्याला चांगलं चिकटतं. हायड्रोफिलिक (पाणी शोषणाऱ्या) लेन्स कोरड्या अवस्थेत कापून नंतर पाण्यात फुगवतात, त्यात कडेची धार थोडी बोथट होते.

हे सगळं असूनही शस्त्रक्रियेत पिशवीला पुढून पाडलेलं छिद्र चुकलं तर उपयोग नाही. ऑप्टिक (लेन्सचा मधला गोल भाग) ६ मिमी असेल तर छिद्र ५ ते ५.५ मिमी हवं आणि त्याचा काठ सगळीकडून ऑप्टिकवर यायला हवा. एका बाजूला तो ऑप्टिकच्या बाहेर गेला की त्या बाजूला लेन्स पडद्यापासून उचलली जाते आणि धूसरपणा तिथूनच सुरू होतो.

उत्तर – रेटिना_बाजूने
या रुग्णाला मधुमेह आहे आणि डोळाही लांब आहे, त्यामुळे पुढे कधीतरी रेटिनाची शस्त्रक्रिया लागू शकते, हे धरूनच निवड करा. त्या शस्त्रक्रियेत डोळ्यात हवा किंवा गॅस भरल्यावर काही हायड्रोफिलिक लेन्सवर कॅल्शियम साचतं. सिलिकॉनच्या लेन्सला तिथे भरलेलं सिलिकॉन ऑइल चिकटून बसतं. म्हणून इथे हायड्रोफोबिक.

कॅल्शियम साचलेली लेन्स पाहताना एक चूक वारंवार होते आणि ती महाग पडते: पांढरटपणा मागच्या पडद्याचा समजून याग लेसर (धुरकट पडद्याला छिद्र पाडणारा) मारला जातो. कॅल्शियम लेसरने जात नाही, लेन्स बदलावीच लागते, आणि तोवर मागचा पडदा फुटलेला असतो. मग लेन्स काढताना काचद्रव (डोळ्याच्या मागच्या भागातली जेल) पुढे येतं. स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) थर कुठे आहे ते नीट ठरवा. गॅसनंतरचे कण बहुधा लेन्सच्या पुढच्या पृष्ठभागावर, बाहुलीच्या भागात दिसतात.

समुपदेशन_कक्ष
हायड्रोफोबिकमध्ये चकाकणारे ठिपके येतात ना? आणि टोरिक (सिलिंडर नंबर घालवणारी लेन्स) द्यायची झाली तर?

उत्तर – कॅप्सूल_६मिमी
ते ठिपके म्हणजे पाण्याने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या. तक्त्यावरची दृष्टी त्यांनी सहसा कमी होत नाही. फार दाट झाले तर प्रकाश विखुरतो. एवढ्या कारणासाठी हायड्रोफिलिककडे वळू नका.

टोरिक १ अंश फिरली की साधारण ३ टक्के परिणाम जातो, ३० अंश फिरली तर काहीच उरत नाही. लेन्स फिरते ती बहुतेक पहिल्या काही तासांत. लांब डोळ्यात पिशवी मोठी असल्याने धोका जास्त, त्यामुळे लेन्सच्या मागे अडकलेलं व्हिस्कोइलॅस्टिक (शस्त्रक्रियेत भरलेली जेल) पूर्ण काढा.

उत्तर – रेटिना_बाजूने
मल्टिफोकलला इथे माझा स्पष्ट नकार. ती प्रकाश वाटून देते, कॉन्ट्रास्ट कमी होतो, आणि पुढे मॅक्युलाला (रेटिनाच्या मध्यभागाला) सूज आली तर दोन्ही तोटे एकत्र भोगावे लागतात. चष्म्याशिवाय वाचायची सवय असलेल्या मायनसवाल्याला मोनोफोकलच देऊन -२ च्या आसपास नंबर ठेवा, पण आधी त्याला विचारून. लेन्सचं मॉडेल, पॉवर आणि अनुक्रमांक असलेलं स्टिकर रुग्णाच्याही फाइलला लावा. दहा वर्षांनी लेन्स बदलायची वेळ आली तर आत काय आहे हे कळण्याचा सगळ्यात सोपा मार्ग तोच.