दुसऱ्या भागातला दुरावा : विरह, ताटातूट की विप्रलंभ?

प्रश्न
एका पॅरानॉर्मल रोमान्स (मानवेतर पात्रांच्या प्रेमकथा) मालिकेचा दुसरा भाग वाचते आहे. कुमारवयीन वाचकांसाठीची मालिका आहे. पहिल्या भागात जुळलेलं प्रेम दुसऱ्यात तुटतं, आणि या प्रकारच्या मालिकांत हे इतकं नेमानं होतं की त्याला मराठीत नेमका शब्द हवासा वाटतो. मी टिपणात 'विरह' लिहिलं आणि अडले. नायिका झुरते आहे, पण नायक तिच्या भल्यासाठी तिच्याशी खोटं बोलून गेला आहे. ते खोटं 'विरहा'त येत नाही. आणि 'पॅरानॉर्मल'ला काय लिहावं?

प्रतिसाद
'ताटातूट' बाहेरून लादली जाते. 'दुरावा' मनांत पडतो, एका घरात राहूनही पडू शकतो. 'विरह' मागे राहिलेल्याचा. ज्ञानदेवांच्या विराण्यांत, म्हणजे विरहगीतांत, बोलते ती विरहिणी, निघून गेलेला नाही. त्यामुळे नायिकेच्या बाजूनं लिहायचं तर 'विरह' अगदी बरोबर आहे.

प्रतिसाद
मला इथे 'विप्रलंभ' हवा. शृंगार रसाचे दोन भेद, संभोग (मिलन) आणि विप्रलंभ (वियोग), एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण संस्कृतात या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : फसवणूक, वंचना. भेटीच्या ठरलेल्या जागी प्रियकर आलाच नाही अशी नायिका 'विप्रलब्धा' ती म्हणूनच. वियोग आणि खोटं, दोन्ही एकाच शब्दात.

'न्यू मून' (2006) ही 'ट्वायलाइट' मालिकेची दुसरी कादंबरी घ्या. नायक सांगतो की तू मला नको आहेस. हे खोटं आहे, तिला धोक्यापासून लांब ठेवण्यासाठी रचलेलं. पुढे ऑक्टोबर ते जानेवारी, पानांवर फक्त महिन्यांची नावं. विरहाचं वर्णन न करता विरह दाखवण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते. अशा भागाला 'नुसता मधला, रखडलेला' म्हणून उडवून लावतात, ते मला मुळीच पटत नाही. प्रेम खरं आहे का, याची परीक्षा तिथेच होते.

आणखी एक. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पण' या संस्कृत काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात (चौदावं शतक) विप्रलंभाचे चार प्रकार आहेत : पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. दोघांपैकी एक परलोकी गेला, पण पुन्हा भेटण्याची आशा शिल्लक आहे, तर तो करुणविप्रलंभ. ती आशा नसेल तर निव्वळ करुण रस. उदाहरण बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत कथेतल्या पुंडरीक-महाश्वेता या प्रेमी युगुलाचं. मरण जिथे शेवटचं नसतं अशा कथांसाठी याहून चपखल संज्ञा मला माहीत नाही.

प्रश्नकर्ती
करुणविप्रलंभ! माझ्या पुस्तकात शेवटी नेमकं तेच होतं, म्हणून पुढचं सांगत नाही. पण कुमार वाचकासाठी लिहिताना हा शब्द जड नाही का होणार?

प्रतिसाद
एकदा अर्थ सांगून वापरा, मग जड राहत नाही. वाक्यात मात्र साधं क्रियापद ठेवा : 'तो तिला तोडून गेला', 'तिनं त्याची आशा सोडली नाही'. 'विप्रलंभ झाला' असं लिहू नका, तो रसाचा प्रकार आहे, घटना नव्हे.

प्रतिसाद
'पॅरानॉर्मल'बद्दल : 'अलौकिक' म्हटलं की स्तुती वाटते, 'अमानवी'त क्रौर्य डोकावतं, 'अतींद्रिय' हा अनुभव असतो, पात्र नव्हे. मी 'अद्भुत प्रेमकथा' म्हणेन. 'भयप्रेमकथा' टाळा, साहित्यदर्पणकार भयानकाला शृंगाराचा विरोधी रस मानतात, आणि या मालिकांत रक्तपिपासू नायकाचं भय वाटण्याऐवजी विस्मयच वाटतो.

जाता जाता, 'न्यू मून' म्हणजे अमावस्या, आणि 'अमा' म्हणजे सोबत. सूर्य-चंद्र एकत्र वसतात ती रात्र. मराठीत त्या कादंबरीचं नाव 'अमावस्या' ठेवलं, तर भेटीची सूचना शीर्षकातच येईल.

प्रश्नकर्ती
'अद्भुत प्रेमकथा' घेते. टिपणात आता 'विरह' नायिकेच्या प्रकरणांपुरता आहे, आणि नायकाच्या खोट्याबद्दल लिहिताना 'विप्रलंभ', अर्थासह.