मांसावर देशाचं नाव छापलं तर पाळणाऱ्याच्या हाती काय येतं?

मानपूरचा बकरीवाला

परवा आपल्या इंदूरच्या मंडळींत एकाने लिहिलं, "मांसाच्या पाकिटावर देश छापला काय, न छापला काय, गिऱ्हाईक भाव बघतं. अमेरिकेने छापून पाहिलं आणि गुंडाळलं. पशुपालकाला दमडी मिळाली नाही." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. त्यातल्या किती जणांनी जनावर पाळलंय? मी पाळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

गुंडाळलं हे खरं. पण कशामुळे? 2002 च्या त्यांच्या शेती कायद्यात ही तरतूद आली. मांस कंपन्यांनी ती वर्षानुवर्षं अडवून धरली आणि दुकानात लागू व्हायला 2008 चा शेवट उजाडला. 2013 मध्ये नियम आणखी कडक झाला: जनावर जन्मलं कुठे, वाढलं कुठे, कापलं कुठे, तिन्ही लिहा. कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेत भांडत होतेच. तिथे ते जिंकले. डिसेंबर 2015 मध्ये कॅनडाला वर्षाला 105.5 कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत आणि मेक्सिकोला 22.8 कोटी अमेरिकी डॉलरपर्यंत बदल्याचं शुल्क लावायची मोकळीक मिळाली. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेने गोमांस आणि डुकराचं मांस नियमातून वगळलं. गिऱ्हाइकाने नको म्हटलं म्हणून नव्हे, शुल्काच्या भीतीने. कोंबडी, मेंढी आणि बकरीच्या मांसावर तिथे आजही देश लिहावाच लागतो. हे त्या पोस्टमध्ये का नाही?

वगळल्यावर काय झालं तेही ऐका. बाहेरून आलेलं मांस तिथल्या कारखान्यात नुसतं कापून-बांधून त्यावर 'अमेरिकेचं उत्पादन' असा शिक्का बसू लागला. तिथला गुरं पाळणारा वर्षभर चारा-पाणी करणार आणि त्याच्या नावावर पैसा कमावणार कारखानदार. गोठ्यातून येणाऱ्या गुरांपैकी सुमारे 85 टक्के तिथे चारच कंपन्या घेतात, म्हणजे भाव कोण ठरवतं ते उघड आहे. शेवटी 2024 मध्ये सरकारला नवा नियम करावा लागला. 1 जानेवारी 2026 पासून तो शिक्का लावायचा तर जन्म, वाढ, कत्तल आणि प्रक्रिया सगळं तिथलंच हवं. शिक्का ऐच्छिक आहे, पण लावलात तर खरा लावा.

माझं म्हणणं एवढंच आहे. जनावराचं मूळ शेडपासून दुकानापर्यंत त्याच्याबरोबर गेलं तरच पाळणाऱ्याला भाव मागता येतो. मधे कुठे ते तुटलं की नावाचा पैसा मधला खातो. माझा बोकड शेडमधून निघाला की दलालाच्या टेम्पोत चार गावच्या बोकडांत मिसळतो, आणि तिथून पुढे तो कुणाचाच नसतो. मी लिंबाचा, बाभळीचा पाला घालून वाढवला काय, नि कुणी उकिरड्यावर सोडून वाढवला काय, भाव एकच.

कॅलगरीतला इंदुरी

भाऊ, अभ्यास चांगला केलात, पण एका कुंपणाच्या आतून. मी इथे कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात एका गुरांच्या गोठ्याचा हिशेब बघतो. मे 2003 मध्ये इथे एका गाईत मॅड काऊ, म्हणजे गुरांच्या मेंदूचा रोग, सापडला आणि अमेरिकेने जिवंत गुरांसाठी सीमा बंद केली. ती उघडायला जुलै 2005 उजाडला. माणसं त्यातून जेमतेम सावरतायत तोवर हा लेबलचा नियम आला.

लेबल लावायचं तर कॅनडाची गुरं वेगळी ठेवा, वेगळी कापा, वेगळी नोंदवा. हा खर्च कोण करणार? काही अमेरिकी कत्तलखान्यांनी सांगितलं, कॅनडाची गुरं आम्ही ठरावीक दिवशीच घेऊ. काहींनी घेणंच बंद केलं. मग ट्रक लांबच्या कारखान्याकडे वळवा, वाटेत वजन घटतं ते सोसा, वर जनावरामागे भाव कापून घ्या. आमच्या शेजारच्या माणसाने बापजाद्यांचा कळप मोडला. तो पशुपालक नव्हता का? पशुपालक काय फक्त अमेरिकेच्या मोंटानात जन्मतात?

आणि इथलं वासरू तिकडे नेऊन पोसणारे अमेरिकन शेतकरीही होते. त्यांचाही धंदा बसला. खुद्द अमेरिकी कृषी खात्याने 2015 मध्ये संसदेला अहवाल दिला, की लेबलमुळे मागणी वाढल्याचा पुरावा नाही, खर्च मात्र मोठा आहे.

मानपूरचा बकरीवाला

साहेब, तुमच्या शेजाऱ्याचं वाईट झालं, ते मी नाकारत नाही. पण गुरं वेगळी ठेवायचा खर्च कारखान्याचा होता. तो त्याने तुमच्या माथी मारला, कारण कारखाने मोजके आणि तुम्ही हजारो. यात लेबलचा काय दोष? आणि मागणी वाढली नाही म्हणता, तर हॉटेलं नियमाबाहेर, प्रक्रिया केलेले पदार्थ नियमाबाहेर, नुसतं मांस विकणारी छोटी दुकानंही बाहेर. मग माणूस वाचणार कुठे?

सुदामानगरची सून

तुमचा कॅनडा आणि अमेरिका बाजूला ठेवा हो. इथे इंदुरात दुकानावर टांगलेलं जनावर बकरीचं की मेंढीचं, तेच कुणी खरं सांगत नाही!

आमच्या सासरची कुलदेवी बोल्हाई. घरात बकरीचं मटण चालत नाही, मेंढीचंच लागतं. दुकानदाराला विचारलं की तो छातीवर हात ठेवून सांगतो, "बकरा ही है, भाभी!" त्याला वाटतं मी बकऱ्याची खात्री करून घेतेय. मेंढी विकतो हे कुणी कबूलच करत नाही. आणि दर हिवाळ्यात मारवाडातून मेंढ्यांचे कळपच्या कळप माळव्यात उतरतात, ते आम्ही रस्त्यावर डोळ्यांनी बघतो. त्या मेंढ्या जातात कुठे? बाजारात सगळं बकरीच? सासूबाई शेवटी मटण खाणंच सोडून बसल्या. देशाचं नाव छापण्याआधी जनावराचं नाव छापा.

रामबागेतला

काकू, पूर्वज होळकरांबरोबर आले त्याला अडीचशे वर्षं होऊन गेली. देवी तिकडे पुण्याजवळ वाडेबोल्हाईला, तुम्ही सुदामानगरात. मटण मटण असतं. एवढ्यासाठी सरकारने कायदे करायचे?

सुदामानगरची सून

तुम्ही कोण सांगणारे? पैसे मी देते, देवघर माझं, आणि काय खायचं ते तुम्ही ठरवणार? उपवासाच्या चिवड्यावर हिरवा ठिपका हवा म्हणून हीच मंडळी दुकानदाराशी भांडतात. आमच्या कुळाचाराची वेळ आली की "मटण मटण असतं". गावाला देवीच्या दर्शनाला आम्ही आजही जातो. अडीचशे वर्षांचा हिशेब तुमच्याजवळ ठेवा.

रामबागेतला

कुळाचाराला नावं ठेवली नाहीत. कायद्याबद्दल बोललो. पण ठीक आहे, जे विकतो ते खरं सांगावं, एवढं मान्य.

महूचे डॉक्टर

मी पशुवैद्यक. आयुष्य महूच्या परिसरात जनावरांत गेलं. ताईंचा प्रश्न चेष्टेचा नाही. उघड्यावर टांगलेल्या धडाबद्दल सांगतो. शेपूट ठेवली असेल तर ती बघा. बकरीची आखूड, बारीक असते, मेंढीची जाड, रुंद. दुकानदार बकऱ्याला शेपूट मुद्दाम ठेवतात, गिऱ्हाइकाने ओळखावं म्हणून. शेपूट काढलेली दिसली की आधी कारण विचारा. दुसरं म्हणजे चरबी. मेंढीची पांढरीशुभ्र, घट्ट, पाठीवर आणि मांसाच्या थरांतही असते. बकरीला कातडीखाली चरबी फार थोडी, बहुतेक सगळी आत, मूत्रपिंडाभोवती. बकरीचं मांस वरून जरा चिकट लागतं आणि त्याला केस चिकटलेले सापडतात. तुकडे केल्यावर मात्र डोळ्यांवर विसंबू नका. तेव्हा प्रयोगशाळाच लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत डीएनए तपासून जनावर कोणतं ते सांगतात.

आता मूळ विषय. मानपूरच्या भाऊंनी मूळ जनावराबरोबर जावं म्हटलं. आपल्याकडे गाई-म्हशींच्या, आणि आता शेळ्या-मेंढ्यांच्याही, कानात 12 आकडी नंबराचा पिवळा बिल्ला मारतात. मी स्वतः मारलेत. पण कापताना डोकं आधी वेगळं होतं, कान डोक्याबरोबर जातो आणि नंबर तिथेच संपतो. धडाला तो नंबर लावायची व्यवस्था गल्लीतल्या दुकानात नाही. अमेरिकेचे नियम इथे सांगण्याआधी हे बघा.

करारावर कोंबड्या पाळणारा

डॉक्टरसाहेब, बिल्ला लावूनही आमच्यासारख्यांचं काय होणार? पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. माझी फक्त शेड, वीज, पाणी आणि रात्रीची झोप. किलोमागे वाढवणीचे पैसे मिळतात, तेही मर जास्त झाली की कापून. मागच्या उन्हाळ्यात दुपारी वीज गेली, पंखे थांबले, पक्षी चोची उघडून धापा टाकत होते. आम्ही नवरा-बायको गोणपाट भिजवून लावत राहिलो. तरी मेले त्यांचा हिशेब माझ्याच नावावर लागला. उद्या पाकिटावर मूळ छापलं तर नाव कंपनीचंच येईल.

आणि कडकनाथ विसरू नका. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी छत्तीसगडच्या दंतेवाड्याशी भांडणही झालं. आज काळी कोंबडी दिसली की दुकानदार म्हणतो कडकनाथ, आणि दामदुप्पट भाव सांगतो. झाबुआच्या हाटात आदिवासी बाई पाय बांधलेले दोन पक्षी टोपलीत घेऊन बसते, तिच्याशी व्यापारी आजही घासाघीसच करतो. मानांकन कागदावर आहे, तिच्या टोपलीवर नाही. म्हणून म्हणतो, लेबल हे मोठ्यांचं काम आहे.

मानपूरचा बकरीवाला

दादा, तुमची तक्रार शंभर टक्के खरी, पण निष्कर्ष उलटा काढताय. कडकनाथचा पैसा बाईपर्यंत पोचत नाही, कारण पक्षी कुठल्या पाड्यावरचा हे टोपलीतून उचलल्यावर कुणीच लिहीत नाही. तेच लिहा म्हणतोय मी! आणि कंपनीचं नाव येईल म्हणता, तर वाढवणाऱ्याचा नोंदणी क्रमांकही छापायला लावा.

कोंबडीवाल्यांनी तर मूळ देशाच्या लेबलसाठी सगळ्यात पुढे उभं राहायला हवं. बर्ड फ्लूचं कारण देऊन आपण अमेरिकी कोंबडी अडवली होती. तो खटला आपण जून 2015 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत शेवटच्या अपिलातही हरलो. तिकडे लोक छातीचं मांस खातात, तंगड्या उरतात. त्या स्वस्तात इथे आल्या तर तुमची शेड किती दिवस चालेल? आज 100 टक्के आयात शुल्काची भिंत आहे. उद्या वाटाघाटीत ती खाली आली तर? आयात केलेल्या पाकिटावर देश लिहायचा नियम आपल्याकडे आहेच. पण तेच मांस हॉटेलच्या तंदुरीत गेलं की सांगणारं कुणी नाही.

करारावर कोंबड्या पाळणारा

तंदुरीचं बोललात ते पटलं. हॉटेलवाल्याला लिहायला लावा, मी सही करतो. पण नोंदणी क्रमांकाचा खर्च माझ्या वाढवणीतून कापणार असतील तर नाही.

कॅलगरीतला इंदुरी

हेच मी पहिल्यापासून सांगतोय! खर्च शेवटी खालच्याच्या पदरात पडतो. तरी एक मानतो. युरोपात मॅड काऊनंतर 2002 पासून गोमांसावर जन्म, वाढ, कत्तल तिन्ही देश लिहितात, आणि तिथली व्यवस्था टिकली. कारण तिथे प्रत्येक गुराचा पासपोर्ट, म्हणजे त्याच्याबरोबर फिरणारा नोंदीचा कागद, आधी केला, लेबल नंतर आणलं. तो क्रम पाळणार असाल तर माझा विरोध नाही. अमेरिकेसारखं कराल तर आहे.

मानपूरचा बकरीवाला

क्रम मान्य. बिल्ल्याचा आणि नोंदीचा खर्च पहिली काही वर्षं सरकारने उचलावा, बाजार समितीत वजनकाट्यावर नंबर लिहूनच बोकड विकावा. रुमालाखाली बोटं दाबून सौदा आधी बंद करा.

सुदामानगरची सून

डॉक्टरसाहेब, शेपटीचं समजलं, आभारी आहे. पण खिमा घ्यायचा असेल तर?

महूचे डॉक्टर

ताई, खिमा ओळखता येत नाही. धड बघा, मांडीचा तुकडा निवडा आणि समोर उभं राहून काढून घ्या. आधीच काढून ठेवलेला घेऊ नका.

कॅलगरीतला इंदुरी

खिम्यापुढे अमेरिकी नियमही ढिला पडला होता. 60 दिवसांत ज्या ज्या देशाचं मांस साठ्यात आलं असेल, त्या सगळ्यांची नावं एकाच पाकिटावर लिहिली तरी चालायचं.