थायरॉइडचं ऑपरेशन आणि माझा तार सप्तकातला गंधार

पेटीवाली_सदाशिव: वय ५२. पेठेत घरीच गाण्याचे क्लास घेते, काळी चारमध्ये गाते. थायरॉइडच्या उजव्या बाजूला गाठ आहे, साडेतीन सेंटिमीटरची. सुईच्या तपासणीतून ठाम काही निघालं नाही, म्हणून उजवा अर्धा भाग काढायचा ठरलाय. सर्जन म्हणाले, "चार दिवसांत बोलायला लागाल." बोलेन हो! पण तार सप्तकातला गंधार? कुणी गाणारं या ऑपरेशनमधून गेलंय का?

कोथरूडची_बाई: मी गाणारी नाही, शाळेत गणित शिकवते. पंधरा दिवस आवाज घोगरा होता, फोनवर बँकेवाला मला 'सर' म्हणायचा. आवाज जपायचा म्हणून मी घरभर कुजबुजत फिरायचे. ती चूक. कुजबुजण्याने घशावर उलट ताण येतो म्हणे. हळू बोला, पण आवाज काढून बोला.

वाचा_उपचार: मी स्पीच थेरपिस्ट. बोलणं आणि वरचे सूर यांच्या नसा वेगळ्या. ग्रंथीच्या मागून जाणारी नस स्वरतंतू हलवते. ती दुखावली तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दुसरी बारीक नस ग्रंथीच्या वरच्या टोकाला, धमनीला खेटून असते. ती स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूची. तिला धक्का लागला तर बोलणं जवळजवळ नेहमीसारखं, आणि तार सप्तक गायब. म्हणून सर्जनना स्पष्ट सांगा, "मी गाते." आधी दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्या. नर्व्ह मॉनिटर लावणार का, विचारा. हमी तोही देत नाही, पण नस ओळखायला मदत होते. आणि आजच मोबाइलवर पूर्ण आरोह-अवरोह रेकॉर्ड करून ठेवा. भूल देताना घशात घातलेल्या नळीमुळे येणारा घोगरेपणा बहुधा काही दिवसांत जातो. दोन आठवड्यांनंतरही आवाज सुधारत नसेल तर पुन्हा दुर्बीण. नस नुसती दुखावली असेल तर सावरायला काही महिने लागू शकतात.

पेटीवाली_सदाशिव: झालं ऑपरेशन, आज एकविसावा दिवस. गाठ साधी निघाली. दुसऱ्या सर्जननी मी गाते हे ऐकून आधी माझं रेकॉर्डिंगच मागितलं, तिथेच धीर आला. परवा दुर्बीण झाली, दोन्ही स्वरतंतू हलतायत. सध्या ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ धरून 'ऊ' करते, नातू खिदळतो. मध्य सप्तक सरळ लागतं, तार षड्जाला नुसती हवा. थेरपिस्टबाई म्हणाल्या, महिनाभर तिकडे जायचंच नाही. काल क्लासला मुलींना म्हटलं, तुम्ही गा, मी फक्त पेटी धरते. तेव्हा कळलं, धाकटीचा धैवत चढा लागतो. माझ्या आवाजाखाली दोन वर्षं दबला होता.