मदत हवी आहे: वणव्यात कलमांची बाग गेली, पंचनाम्यात कारण "अज्ञात" लिहिलंय

सडा_देवगड
देवगड तालुक्यातली आमची बाग गेल्या रविवारी जळाली. हापूसची १४० कलमं, वरच्या अंगाला काजू, मांगर (बागेतला गोठा), ठिबकच्या सगळ्या नळ्या. कलमं पंचवीस वर्षांची. बाबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले आणि खालून टेम्पोने माती आणून लावलेली. यंदा मोहोर टिकला होता, कैरी सुपारीएवढी झाली होती.

तलाठ्यांनी पंचनामा केला. त्यात आगीचं कारण "अज्ञात" लिहिलंय. अज्ञात कसलं, अख्ख्या वाडीला माहीत आहे. वीज कंपनी हात वर करतेय. तहसीलमध्ये सांगितलं की वणव्याला भरपाई नसते. वकील करावा का, खर्च किती येतो, भरपाई नक्की कोणाकडे मागायची? लवकर सांगा. घरात कोणाला झोप नाही.

दर्याकिनारी
वाडीला माहीत आहे ते आम्हाला कसं कळणार? आग कशाने लागली? तारा बागेवरून जातात का? पाहिलं कोणी? किती वाजता?

मोहोर२०१२
फळपीक विमा काढला होता ना? बँकेतून कर्ज असेल तर हप्ता आपोआप कापला जातो. आधी ७२ तासांत विमा कंपनीला कळवा. माझ्या भावाला गेल्या साली चांगले पैसे मिळाले.

काळा_कोट
मोहोर, कोकणातला आंबा-काजूचा विमा हवामानावर आधारलेला आहे. अवेळी पाऊस, तापमान, वारा यांचे आकडे हवामान केंद्रावरून घेतात आणि त्यावर पैसे देतात. आग त्यात नाही. तुमच्या भावाला मिळाले ते पावसाचे किंवा उष्णतेचे असणार. बाग जळालेल्या माणसाला कृपया तिकडे पाठवू नका, आठवडा फुकट जाईल.

सडा, साहेब, मी कुडाळला वकिली करतो. चार गोष्टी सांगा. सातबारा कोणाच्या नावावर आहे? त्यावर आंबा-काजूची नोंद आहे का? पोलिसांत गेलात का? आणि तारा कंपनीने दुरुस्त केल्या का?

मोहोर२०१२
मी चांगल्या हेतूने लिहिलं. विमा असेल तर विचारायला काय हरकत आहे?

सडा_देवगड
विमा नाही. तारा बागेच्या मधून जातात, दोन खांब आमच्याच जागेत आहेत. पावसाळ्यापासून झोळ पडलेला. दुपारी साडेबाराला वारा सुटला, तारा एकमेकींना लागल्या, ठिणग्या गवतात पडल्या. बागेची राखण करणाऱ्या तात्यांनी स्वतः पाहिलं. त्याच संध्याकाळी वायरमन येऊन तारा ताणून गेला. आता म्हणतात की कोणीतरी गवत पेटवलं.

सातबारा सामाईक आहे. पण त्याचा आगीशी काय संबंध? जळालं ते आमचंच ना.

काळा_कोट
संबंध आहे. सरकारी मदत सातबाऱ्यावरच्या नावांना मिळते, झाडं लावणाऱ्याला नाही. किती नावं आहेत? त्यातली हयात किती?

सॅक्रामेंटोहून
वाचून पोटात कालवलं. मी कॅलिफोर्नियात राहते. इथे ८ नोव्हेंबर २०१८ ला पॅरडाइज नावाचं गाव जवळजवळ अख्खं जळालं, ८५ माणसं गेली. जवळपास शंभर वर्षं जुन्या वाहिनीवरचा एक लोखंडी आकडा झिजून तुटला आणि तार मनोऱ्याला लागली, हे चौकशीत निघालं. वीज कंपनीने २०२० मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला आणि या आणि आधीच्या काही आगींच्या पीडितांसाठी मिळून साडेतेरा अब्ज डॉलरचा निधी ठरला. तुम्हीही गाववाल्यांनी मिळून एकत्र दावा लावा.

दर्याकिनारी
ताई, तिकडचे कायदे वेगळे, वकील वेगळे. इथे चार एकरवाला माणूस काय करणार ते सांगा.

सॅक्रामेंटोहून
कायदा वेगळा असेल, पण त्या खटल्यात तो तुटलेला आकडा जपून ठेवला होता म्हणून सगळं सिद्ध झालं. एवढंच विचारते: त्या जुन्या तारांचे फोटो कोणी काढले का?

काळा_कोट
हा प्रश्न माझ्या चारही प्रश्नांपेक्षा महत्त्वाचा आहे. वायरमनने संध्याकाळी तारा ताणल्या म्हणजे पुरावा हलला. आधीचा फोटो, आगीचा व्हिडिओ, तारा ताणतानाचा फोटो, काहीही असेल ते मूळ फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीतून तारीख-वेळ निघून जाते. आणि झोळाची तक्रार आधी केली होती का? पोच आहे?

नकाशेवाला
मी उपग्रह चित्रांवर काम करतो. देहरादूनच्या फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाकडे आगीच्या ठिपक्यांची नोंद असते, नासाचा आगी दाखवणारा फर्म्स नकाशाही सगळ्यांना खुला आहे. उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो, तुमची आग साडेबाराची, म्हणजे ठिपका सापडायला हवा. सेंटिनेल-२ उपग्रहाची आधीची आणि नंतरची चित्रं लावली तर जळालेलं क्षेत्र गुंठ्यात मोजता येईल. गट क्रमांक कळवा, करून देतो. पैसे नकोत.

दर्याकिनारी
त्यावरून तारेने लागली हे सिद्ध होतं?

नकाशेवाला
नाही. ठिपक्याची एक चौकट ३७५ मीटरची असते, त्यात यांची बाग सहा वेळा बसेल. आग कुठल्या खांबाखाली सुरू झाली हे त्यातून दिसणार नाही. पण तारीख, साधारण वेळ आणि क्षेत्र यावर कोणी वाद घालू शकणार नाही. पंचनाम्यात क्षेत्र किती लिहिलंय?

सडा_देवगड
०.८० हेक्टर लिहिलंय. प्रत्यक्षात साडेपाच एकर जळालं, म्हणजे २.२० हेक्टर. वरचा सडा (कातळाचा माळ) सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नसलेली जमीन, आहे म्हणून काजू धरलेच नाहीत. ई-पीक पाहणी (मोबाईलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) कधी केली नाही, गावात नेटवर्क नाही. झोळाची तक्रार टोल फ्री नंबरवर केली होती, लेखी नाही. सातबाऱ्यावर चौदा नावं, पाच जण वारले, वारसनोंद दोघांचीच झाली.

आणि मी साहेब नाही. बाई आहे. डोंबिवलीत शाळेत शिकवते. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, आई गावी एकटी असते. रजा टाकून आलेय, सोमवारी परत जायचंय.

काळा_कोट
ताई, माफ करा, मी गृहीत धरलं. पण मग वकिलाच्या खर्चाचं उत्तर सोपं झालं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ओरोसच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, नाहीतर १५१०० वर फोन करा. अर्ज तुमच्या किंवा आईंच्या नावाने करा, भावाच्या नावाने करू नका.

आता भरपाईच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिली सरकारी मदत. आपत्तीच्या केंद्रीय यादीत "आग" आहे, त्यामुळे "वणव्याला नसते" हे तोंडी उत्तर घेऊन परत यायचं नाही, लेखी मागायचं. पण रक्कम आधीच सांगतो, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. २०२२ ते २०२६ च्या निकषांत बहुवार्षिक फळपिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, ३३ टक्के किंवा जास्त नुकसान हवं आणि मर्यादा दोन हेक्टरची. सगळं मान्य झालं तरी पंचेचाळीस हजार.

सडा_देवगड
१४० कलमांचे पंचेचाळीस हजार?

काळा_कोट
हो. म्हणून दुसरी वाट महत्त्वाची: वीज कंपनीकडून नुकसानभरपाई. मध्य प्रदेशच्या वीज मंडळाविरुद्ध २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वीज ही धोकादायक वस्तू आहे, ती पुरवणाऱ्याने निष्काळजीपणा केला नसला तरी तो जबाबदार. तो खटला मृत्यूचा होता, तत्त्व तुम्हाला मांडता येईल. पण आग तारेनेच लागली हे तुम्हालाच दाखवावं लागेल. म्हणून पंचनाम्यातला तो "अज्ञात" शब्द तुमच्या आड येणार. तहसीलदारांना आजच लेखी हरकत द्या: क्षेत्र चुकलंय, काजू सोडलेत, प्रत्यक्षदर्शीचा जबाब घेतलेला नाही, फेरपंचनामा करा. पोच घ्या. मुदत शोधत बसू नका.

ग्राहकराजा
एवढं कशाला? वीज कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. साध्या कागदावर अर्ज, वकील लागत नाही. माझं चुकीचं बिल दोन महिन्यांत दुरुस्त झालं.

काळा_कोट
बिलासाठी मंच चांगला आहे. पण वीज कायद्याच्या कलम १६१ खालच्या अपघाताची प्रकरणं त्या मंचाच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. तिथे जाऊन सहा महिन्यांनी "आमचा अधिकार नाही" असं ऐकण्यात अर्थ नाही.

ग्राहकराजा
वकिलांना सगळं कोर्टातच न्यायचं असतं.

काळा_कोट
मी कोर्टाबाहेरचीही वाट सांगणार होतो. विधी सेवा कायद्याच्या कलम २२-ख खाली कायमस्वरूपी लोकअदालत असते. वीजपुरवठा ही तिच्या कक्षेतली सार्वजनिक सेवा, एक कोटीपर्यंतचा वाद चालतो, कोर्ट फी नाही. आधी तडजोड करून पाहतात, नाही जमली तर तीच निवाडा देते. आपल्या जिल्ह्याचं प्रकरण कुठे चालेल ते ओरोसला प्राधिकरणात विचारा. दिवाणी दावा त्यानंतरचा. दाव्याच्या मुदतीवरून कोर्टात भांडणं होतात, म्हणून वर्षाच्या आत हालचाल करायचीच असं धरून चाला.

ताई, कलम १६१ वरून आठवलं. आगीत माणूस किंवा जनावर दगावलं का? काही लिहिलं नाही तुम्ही.

सडा_देवगड
तात्यांची गाभण गाय मांगरात दाव्याला बांधलेली होती. तात्या आमच्या बागेची राखण करतात. ते धावले, पण दावं सोडता आलं नाही, हात भाजले. गाय आमची नाही म्हणून लिहिलं नाही.

काळा_कोट
ताई, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये विजेच्या अपघातात माणूस किंवा जनावर मेलं किंवा जखमी झालं तरच कळवण्याचं बंधन येतं. नुसती झाडं जळाली तर नाही. तात्यांचे हात आणि गाय यामुळे विद्युत निरीक्षकाकडे चौकशी मागता येते. विद्युत निरीक्षक हे राज्य सरकारचं कार्यालय आहे, वीज कंपनीचं नाही, हे ध्यानात ठेवा. त्यांचा अहवाल तुमच्या बाजूने आला तर "अज्ञात" हा शब्द पुसला जाईल. गायीचं शवविच्छेदन झालं? तात्या दवाखान्यात गेले?

सडा_देवगड
गुरांचे डॉक्टर आले होते, भाजून मेल्याचा दाखला आहे. तात्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, केसपेपर आहे.

काळा_कोट
दोन्ही जपा. दुभत्या गायीला त्याच निकषांत ३७,५०० रुपये आहेत, ते तात्यांच्या नावाने वेगळे मागा. आणि पोलीस ठाण्यात आकस्मिक जळिताची नोंद करून तात्यांचा जबाब द्या. टोल फ्रीवर तक्रार केली तेव्हा एसएमएस आला असेल, त्यातला तक्रार क्रमांक शोधा. तोच तुमचा लेखी पुरावा.

हिरवाई
मला वेगळंच म्हणायचंय. सड्यावर दरवर्षी वणवे लागतात, बहुतेक माणसं लावतात. चांगलं गवत येतं म्हणून, शिकारीसाठी, कोणी बिडी टाकून. डिसेंबरात बागेभोवती जाळरेषा काढली असती तर आग आत आलीच नसती. आपण आधी स्वतःकडे बघायला हवं.

वेंगुर्ला४
जाळरेषा कुंपणाच्या बाहेरून येणाऱ्या आगीसाठी. हिच्या बागेत आग वरून, तारेतून पडली. दहा फूट जागा जाळून ठेवली असती तरी मधल्या गवतात ठिणगी पडलीच असती. ज्याचं जळालं त्याला आज हे ऐकवू नका.

हिरवाई
मी यांना दोष देत नाही. पण वणव्यात जी पाखरं, सरडे, कातळावरची फुलझाडं जातात त्यांचा पंचनामा कोणीच करत नाही, हे कोणीतरी बोलायला हवं.

वेंगुर्ला४
ते खरं आहे. त्याचा वेगळा धागा काढ, मी येतो तिकडे.

आता बाय, तुका माझा सांगणा: झाडा तोडू नको. माझ्या काजीक धा वर्सामागे अशीच आग लागलेली. सगळे म्हणी, तोड आणि लाकूड वीक. मी पावसापर्यंत थांबलंय.

सगळ्यांसाठी सांगतो. खोडाची साल नखाने खरवडून बघायची. आत हिरवं, ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. खोडाला दहा टक्के बोर्डो पेस्ट लावायची: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पाऊस पडल्यावर फुटवा कुठून येतो ते बघायचं. कलमाच्या जोडाच्या वरून आला तर हापूस. जोडाच्या खालून आला तर ती रायवळ, तिच्यावर पुन्हा कलम बांधावं लागेल.

पुण्याची_मावशी
यंदा देवगडची पेटी मग कोणाकडून घ्यावी? दरवर्षी घेतो.

दर्याकिनारी
मावशी, या धाग्यावर नको.

काळा_कोट
वेंगुर्ला४ यांचं बरोबर, पण तोडू नका याला कायद्याचंही कारण आहे. फेरपंचनामा आणि मूल्यांकन होईपर्यंत बाग आहे तशी ठेवा. झाडांची किंमत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून लेखी काढून घ्या. प्रत्येक झाडाला नंबर, प्रत्येकाचा फोटो.

सडा_देवगड
उशीर झाला कळवायला. पोलिसांत जळिताची नोंद झाली, नंबर मिळाला. विद्युत निरीक्षकांना अर्ज दिला, पोच आहे. तक्रारीचा एसएमएस आईच्या जुन्या फोनमध्ये सापडला, नोव्हेंबरचा. शेजारच्या मुलाने आगीचा व्हिडिओ काढला होता, त्यात झोळ पडलेल्या तारा दिसतात. नकाशेवाला यांनी काढलेलं क्षेत्र २.१० हेक्टर भरलं, ते हरकतीला जोडलंय. ओरोसला अर्ज भरला. सातबाऱ्यावरच्या नावांपैकी बडोद्याच्या काकांनी संमतीपत्र पाठवलं, अजून चार सह्या बाकी आहेत.

काल तात्यांनी आणि आईने सगळ्या झाडांची साल खरवडून पाहिली. १४० पैकी ३८ ना आत हिरवं आहे. हे मूल्यांकनाच्या वेळी सांगायचं का? भरपाई कमी होईल अशी आईला भीती वाटते.

काळा_कोट
सांगायचं. ३८ जिवंत पण तीन-चार वर्षं उत्पन्न नाही, १०२ मेली, असं दोन रकान्यांत लिहून द्या. पावसानंतर तुमच्या मेलेल्या झाडांना पालवी फुटली आणि कंपनीच्या वकिलाने फोटो काढले, तर तुमचं बाकीचंही खोटं ठरवतील.

वेंगुर्ला४
बाय, त्या अडतीसांक आधी नंबर घाल, फोटो काढ, मगे पेस्ट लाव. मोरचूद लोखंडाच्या भांड्यात भिजवू नको, प्लास्टिकची बालदी घे. शनिवारी मी देवगडाक येतंय, दुपारनंतर बागेत येवन बघतंय.