फॅमिली ग्रुप: यॉजवरून निघालेला विषय

मुक्ता: नानाकाका, तुम्ही गडचिरोलीला आरोग्य सेवक असताना यॉजचे, म्हणजे त्या कातडीच्या संसर्गजन्य रोगाचे, पेशंट बघितलेत ना? आम्हाला कम्युनिटी हेल्थला आलाय. पुस्तकात जेमतेम चार ओळी.

नानाकाका: बघितले. बहुतेक पोरंच, पंधराच्या आतली. पायावर तुतीसारखा खडबडीत फोड, मग त्याचा व्रण, वर पिवळट खपली. फारसं दुखत नाही, म्हणून आईबाप दाखवायला आणायचे नाहीत.

रोहन: सिफिलिसचाच भाऊबंद ना हा जंतू?

मुक्ता: हो, ट्रेपोनेमा. पण हा कातडीला कातडी लागून पसरतो, लैंगिक संबंधाचा काही संबंध नाही. अंगावर काढला तर हाडांपर्यंत जातो.

नानाकाका: आणि रक्ताची तपासणी दोन्हीला एकच, व्हीडीआरएल. सहा वर्षांच्या पोराच्या चिठ्ठीवर ते वाचून एखादा अर्धवट शहाणा काय बोलेल सांगता येत नाही. चिठ्ठी आम्ही घरच्यांच्या हातात देतच नव्हतो.

सुधाआत्या: फोटो मात्र टाकू नका रे, जेवतेय मी.

रोहन: पण अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा एकच डोस पुरतो म्हणतात. मग जगातून गेला का नाही?

मुक्ता: डोस पुरतो. पापुआ न्यू गिनीतल्या मुलांवर ते सिद्ध झालं, 2012 मध्ये. पुढच्या वर्षी तिथल्या लिहिर बेटावर जवळजवळ सगळ्यांना एकदमच औषध दिलं. रुग्ण झपाट्याने घटले, नंतर पुन्हा वाढले, आणि काही जणांत औषधाला न जुमानणारा जंतू सापडला. वर तसेच दिसणारे बरेच व्रण निघाले हिमोफिलस डुक्रेई या दुसऱ्याच जंतूचे. नुसतं बघून ओळखता येत नाही. आफ्रिकेतला बुरुली व्रण तर आणखी वेगळा, त्याचा जंतू टीबीच्या कुळातला, त्याला आठ आठवडे दोन अँटिबायोटिक्स.

नानाकाका: औषध हा सोपा भाग, रोहन. आमच्या वेळी पेनिसिलीनची सुई होती, तीही एकच. एका दिसणाऱ्या रुग्णामागे अंगात जंतू असून काहीच न दिसणारे कितीतरी. म्हणून घरच्यांना, सोबत खेळणाऱ्यांनाही सुई. पोरं सुई बघून रानात पळायची, संध्याकाळपर्यंत थांबावं लागे. घरोघर हिंडून शोधलं म्हणून संपला, नाहीतर गोळ्या वाटून मोकळं होता आलं असतं.

रोहन: गोळ्या वाटणंही काही वाईट नाही काका, बेटावर रुग्ण घटले की नाही?

नानाकाका: घटले ना. पण नंतर गावोगाव फिरायला कोण उरलं?

मुक्ता: आपल्याकडे मोहीम 1996 ला ओडिशात कोरापुटमधून सुरू झाली, शेवटचे रुग्ण 2003 चे. मग यॉजमुक्त म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं शिक्कामोर्तब थेट 2016 ला. मध्ये इतकी वर्षं का?

नानाकाका: पाच वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासत होते. शेवटच्या रुग्णानंतर जन्मलेली पोरं ती. त्यांच्यात नाही सापडलं, तर लागण खरंच थांबली. परीक्षेत हे नक्की लिही.

मुक्ता: लिहिते. रविवारी फोन करते, सुईचं अजून विचारायचंय.