अनुभव लिहा: चरबी आणि स्नायू तुम्ही कसे मोजलेत?

गेल्या वर्षी माझं वजन ६८ वरून ६४ वर आलं. सगळे म्हणाले, छान बारीक झालीस. पण जिना चढताना मांड्या भरून यायच्या, आधी कधी यायच्या नाहीत. जानेवारीत डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी चरबी, स्नायू, हाडं वेगवेगळी मोजणारी तपासणी) केला होता, जूनमध्ये पुन्हा केला. गेलेल्या ४ किलोंत चरबी २.३ किलोच होती, बाकीची घट जवळजवळ सगळी स्नायूंच्या रकान्यात. सहा महिने रात्री नुसती कोशिंबीर खाल्ली होती आणि वजनं एकदाही उचलली नव्हती. मला फार वाईट वाटलं. म्हणून हा धागा. काय मोजलंत, कशाने मोजलंत आणि त्यावरून काय बदललंत, ते जरूर लिहा.

*रानवाट, पुणे*
माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २२.५, त्यामुळे निर्धास्त होतो. तरी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. डॉक्टरांनी शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्ये टेप लावली: ९३ सेंमी. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९०, बायकांसाठी ८०. माझी पँट ३४ ची, पण ती पोटाच्या खाली बसते, त्यामुळे तो आकडा मला वर्षानुवर्षं फसवत होता. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आमच्या पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं दिली होती. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! ते वाचल्यापासून मी दर रविवारी टेप लावतो. आता ८८.

*गुळपोळी*
घरच्या स्मार्ट काट्यावर मी सकाळी २७ टक्के, संध्याकाळी पळून आल्यावर २४. तीन टक्के चरबी एका दिवसात जात नाही. काटा पायांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतो आणि त्याला किती अडथळा होतो ते मोजतो, म्हणून अंगातलं पाणी बदललं की आकडा बदलतो. शिवाय प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो. पोटाचा आणि दंडाचा अंदाज वय, उंची, लिंग घालून सूत्राने काढलेला असतो. अॅपमधलं खेळाडूचं बटण दाबून बघा, त्याच क्षणी चरबी उतरते. आता मी फक्त सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही न खातापिता उभी राहते आणि महिन्याची सरासरी बघते.

*साधा_प्रश्न*
वडिलांना पेसमेकर आहे. त्यांना चालेल का हा काटा?

*गुळपोळी*
नको दादा, अजिबात नको. त्यांच्यासाठी टेपच बरी.

*नदीकाठ*
माझ्या धाकट्या बहिणीला एका जिममध्ये मशीनवर उभं करून सांगितलं, "तुमचं शरीराचं वय ५१." ती ३४ ची. तिथल्या तिथे वर्षाचं पॅकेज गळ्यात मारलं. ती रात्रभर रडली. तिने पाळी सुरू असताना, जेवून मोजलं होतं. अंगात पाणी साठलेलं असताना असलं माप घेऊच नये. कोणाच्या लेकीसुनेला असं ऐकवलं असेल तर तिला हे नक्की सांगा.

*तालीमवाला, कोल्हापूर*
कुस्तीच्या ७४ किलो गटात बसायला आदल्या दिवशी २ किलो घामाने काढायचो. वजन झालं की संध्याकाळपर्यंत परत. ते सगळं पाणीच. आमचे वस्ताद काट्याकडे बघायचेच नाहीत, दंडाला आणि मांडीला सुतळी लावून गाठ मारून ठेवायचे.

*सायली६१, ठाणे*
वस्ताद बरोबर होते. फिजिओथेरपिस्ट मुलीने माझ्या पोटरीला टेप लावली, ३१ सेंमी. आशियाई बायकांत ३३ च्या खाली स्नायू कमी असल्याची शंका घेतात. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला मला १५ सेकंद लागले, १२ च्या आत हवेत. मग रोज दोन अंडी, वाटीभर उसळ आणि खुर्चीला धरून उठाबशा. वजन अर्धा किलो वाढलं. पोटरी ३२, उठायला ११ सेकंद. काल गॅसचा सिलेंडर मीच सरकवला.