तिशी-चाळिशीनंतर अकौंट्स शिकताना कुठला कोर्स निवडलात? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

संसार, नोकरी सांभाळून अकौंट्सकडे वळलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशोबाचा सरकारी डिप्लोमा), मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. की थेट सीए किंवा सीएमए (कॉस्ट अकौंटंट)? सुरुवात कुठून केलीत आणि का, तेवढं लिहा. मीच पहिली लिहिते.

माझं बी.ए. मराठी. मुलं शाळेत जायला लागल्यावर एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागले. ऑडिटला येणारे साहेब सीए नव्हते, जीडीसी अँड ए होते! कुठल्याही शाखेच्या पदवीधराला ही परीक्षा देता येते. सहा पेपर, मराठीतून लिहिता येतात. १९६० चा सहकार कायदा मला जमला, हिशोबाच्या पेपरला मात्र घाम फुटला. साखर कारखाने, पतसंस्था, सूतगिरण्यांच्या या जिल्ह्यात हा डिप्लोमा वाया जात नाही. पण पास झालं की लगेच ऑडिट मिळतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. प्रमाणित लेखापरीक्षक व्हायला संस्थांच्या ऑडिटचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. मी सध्या त्या साहेबांच्याच हाताखाली तो घेतेय.

अशोक चौक, वय ३८
ताई, माझी बारावीच झालेली, म्हणून जीडीसी बंद. यंत्रमाग कारखान्यात सुपरवायझर होतो, संध्याकाळी टॅली-जीएसटीचा क्लास लावला. सुरुवातीला सर कॉम्प्युटरला हातच लावू देईनात. कीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेवार नोंदी), तेरीज (सगळ्या खात्यांचा ताळा), सगळं वहीत. त्याचा उपयोग आता कळतोय. मागे सुताच्या एका बिलावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट पोर्टलवरच्या २बी यादीत दिसेना. मालक म्हणाले, टॅलीत गडबड झाली. नोंद तपासली तर आपली बरोबर होती, समोरच्या व्यापाऱ्यानंच जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरलं नव्हतं. त्याच्या मागे लागून भरून घेतलं, पुढच्या महिन्यात क्रेडिट आलं. आता मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतोय, मग जीडीसी.

सात रस्ता, वय ४४
पगार लगेच हवा असेल तर टॅली-जीएसटी. बाकी नंतर बघता येतं.

विजापूर रोड, वय ३५
कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असतील (इतर शाखांना ६०) तर फाउंडेशन (पहिली परीक्षा) न देता थेट सीए इंटरला (मधल्या परीक्षेला) बसता येतं. मला मार्क होते. पण पुढे २ वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखाली उमेदवारी) आहे, आणि तिच्या स्टायपेंडवर घराचा हप्ता भागणार नव्हता. कामही कारखान्यात कॉस्टिंगचं, म्हणून सीएमए इंटर धरलं. पदवीधरांना तिथेही फाउंडेशन नाही. पहाटे अभ्यास, मग ड्यूटी. पेपरांचा एक ग्रुप निघाला, दुसऱ्याची तयारी चालू आहे.

बाळीवेस
माझी बायको बारावी आर्ट्स, शाळा तेलुगू माध्यमाची. पण घरच्या टेलरिंगचा पै-पैचा हिशोब तीच ठेवते. तिला जमेल का हो?

दादा, पहिली पोस्ट लिहिणारी मीच. वहिनी हिशोब ठेवतातच आहेत तर जमेल की. आधी टॅली-जीएसटीच करू द्या. मात्र फी भरण्याआधी क्लासवाल्यांना विचारा, बँक जुळवणी (आपल्या नोंदी बँकेच्या नोंदींशी ताडून बघणं) आणि रिटर्न प्रत्यक्ष करून घेता का? नुसतं सर्टिफिकेट देणारे असतील तर दुसरा क्लास बघा. माझ्या खतावणीच्या वह्या आहेत, वहिनींना लागल्या तर सांगा.